एका लहान कॉलेजाचा जमाखर्च

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने दरसाल आमच्याकडे लेख मागावा आणि आम्ही ज्वारी-गव्हाची आवक, गुदामांच्या अडचणी, तोलाईचे नियम अशा एखाद्या धंद्यातील विषयावर चार पाने लिहून द्यावीत, असा शिरस्ता आजवर चालत आला आहे. यंदा तो मोडण्याची परवानगी आम्ही सभासद बंधुभगिनींकडे मागत आहो. ज्याला आमच्या पेठेत भाव नाही, अशा एका मालाविषयी यंदा लिहावयाचे आहे. त्या मालाचे नाव विद्या. आणि तीही डॉक्टरी, इंजिनिअरिंगची किंवा हिशेबतपासनिसाची नव्हे, तर प्राकृतासारख्या जुन्या भाषेची. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सर्व शिक्षण पोत्यांच्या थप्पीत आणि वहीच्या पानांत झाले. तेव्हा विद्वानांनी या लेखाकडे विद्वत्तेच्या दृष्टीने पाहू नये. एका दुकानदाराने मांडलेला हा जमाखर्च आहे, एवढेच समजावे.

लेखास निमित्त घडले ते असे. गेल्या आषाढात आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या समितीची बैठक भरली. अर्ज सतरा होते. त्यांपैकी सोळांचा निकाल अर्ध्या तासात लागला. सतरावा अर्ज चिकोडी तालुक्यातील एका खेड्यातल्या मुलीचा होता. तिचे वडील तेथील बस्तीत पूजा-अर्चा करतात. मुलगी बी. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली. पुण्यास राहून प्राकृत विषय घेऊन एम. ए. करावे, अशी तिची इच्छा; आणि दोन वर्षांचा वसतिगृहाचा व पुस्तकांचा खर्च मिळावा, एवढीच तिची मागणी. अर्ज वाचून झाल्यावर एका सभासदांनी विचारले, "हे शिकून पुढे काय? याला बाजारात उठाव आहे का?" दुसरे म्हणाले, "अण्णा, पैसा समाजाचा आहे. ज्यातून एखादं घर उभं राहील अशा शिक्षणाला तो द्यावा."

दोघांच्याही बोलण्यात खोटे काही नव्हते आणि दुष्टावा तर मुळीच नव्हता. वयाने आम्ही समितीत वडील म्हणून सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही चष्मा पुसत गप्प राहिलो. अर्ज पुढील बैठकीवर टाकण्यात आला. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. बोलावयास हवे होते ते नेमके काय, हे शोधण्यात पुढचे काही महिने गेले. जे हाती आले ते येथे मांडीत आहो.

जमेची बाजू

बेळगाव, चिकोडी, निपाणी, सदलगा या बाजूच्या आमच्या वाडवडिलांना उच्च शिक्षणाचे दार म्हणून प्रथम दिसे ते कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. १८८० साली तेथे कॉलेजचे वर्ग सुरू झाले. मुंबई विद्यापीठाला जोडलेले, पण मुंबई-पुण्याहून दूर, एका संस्थानाच्या राजधानीतले हे कॉलेज. ना मोठे ग्रंथालय, ना विलायतेतून आलेल्या पंडितांचा ताफा. आपल्या पेठेच्या भाषेत सांगावयाचे तर गल्लीतले दुकान. मुंबईची घाऊक पेढी नव्हे.

या दुकानातून माल कोणता बाहेर पडला? गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कॉलेज शिक्षणाचा आरंभ येथलाच. यशवंतराव चव्हाण येथे शिकून १९३८ साली इतिहास व राज्यशास्त्र या विषयांत बी. ए. झाले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. जमखंडी बाजूचे बसप्पा दानप्पा जत्ती हेही येथलेच विद्यार्थी. ते १९५८ साली म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि पुढे भारताचे उपराष्ट्रपती. सीमेच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन मुख्यमंत्री एकाच लहान कॉलेजाच्या बाकांवरून उठून गेले. ही गोष्ट सीमाभागातील आम्हां मंडळींनी तरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु विद्यार्थ्यांची नावे सांगणे सोपे असते. ज्यांनी शिकविले त्यांनी शिकविण्याखेरीज आणखी काय केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. १९३० ते १९४० या दहा वर्षांतील राजाराम कॉलेजाचा अध्यापकवर्ग पाहावा. प्राचार्य होते डॉ. बाळकृष्ण. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील १६०१ ते १७५७ या काळच्या व्यापारी संबंधांवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या व्यवसायाच्या इतिहासात ज्यांना रस असेल त्यांनी तो अवश्य चाळावा. पुढे शिवछत्रपतींवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ चार भागांत निघाला. फारशी शिकवीत होते माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन. मराठी पद्यरचनेचे शास्त्र सांगणारा त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ निघाला आणि १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी भाषेतील साहित्यविषयक प्रबंधाला मिळालेली ती पहिलीच डी. लिट्. कानडीचे प्राध्यापक कुंदणगार यांनी उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थान यांतील शिलालेख गोळा करून १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आणि त्याच १९३९ साली याच कॉलेजातील आणखी एका प्राध्यापकास डी. लिट्. मिळाली. ते अर्धमागधी शिकवीत. त्यांचे नाव आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये.

आता आमच्या मूळ मुद्द्यापाशी आम्ही आलो. डॉ. उपाध्ये यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी चिकोडी तालुक्यातील सदलगा या गावी झाला. घराणे बस्तीतील पूजा-विधी सांभाळणारे; आडनाव तेच सांगते. माध्यमिक शिक्षण बेळगावी, पुढचे कोल्हापूर व सांगली येथे. १९३० साली ते प्राकृत घेऊन एम. ए. झाले आणि त्याच वर्षी राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, बत्तीस वर्षे, ते तेथेच राहिले. चिकोडी तालुका, बस्तीतील पूजेचे घर, विषय प्राकृत. आपल्या समितीपुढील सतराव्या अर्जात याहून वेगळे काय आहे, हे वाचकांनीच सांगावे.

अर्धमागधीचा वर्ग कोणत्याही कॉलेजात लहानच असावयाचा. पण त्या लहान वर्गाच्या प्राध्यापकाने काय काय केले ते पाहा. १९३५ साली आचार्य कुंदकुंदांचे 'प्रवचनसार' त्यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्याला शंभराहून अधिक पृष्ठांची इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि कुंदकुंदांचा काळ इसवी सनाच्या आरंभाचा असावा, हे पुरावे मांडून सांगितले. १९३७ साली जोइंदूंचे अपभ्रंश भाषेतील 'परमात्मप्रकाश', १९३८ साली 'वरांगचरित', १९४३ साली हरिषेणांचा १५७ कथांचा 'बृहत्कथाकोश', १९४९ साली 'लीलावई', १९५९ साली 'कुवलयमाला'. डॉ. हिरालाल जैन यांच्या सहकार्याने 'तिलोयपण्णत्ती' दोन भागांत, १९४३ आणि १९५१ साली. ही यादी पुरी नव्हे; ठळक नावे तेवढी आम्ही दिली.

'संपादन केले' म्हणजे काय केले, हे आम्हांसही पूर्वी ठाऊक नव्हते. जुने पुस्तक कोठे तरी सापडले, ते छापखान्यात दिले, असेच आम्ही समजत होतो. तसे नाही. एकाच ग्रंथाच्या पोथ्या निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या लिप्यांत असतात. प्रत्येक लेखनिकाच्या हातून काही सुटलेले, काही चुकलेले, काही त्याने आपल्या पदरचे घातलेले. दोन वह्यांचा मेळ बसत नसला म्हणजे आपला मुनीम जसा ओळ न् ओळ ताडून कोणत्या वहीत चूक झाली ते शोधतो, तसे संपादकाला शेकडो पृष्ठे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे लागते. मुनिमाला निदान बेरजेचा ताळा मिळतो. येथे ताळा देणारा लेखक हजार वर्षांपूर्वी निघून गेलेला. भाषा, व्याकरण, वृत्त आणि इतर ग्रंथांतील उल्लेख यांवरूनच मूळ शब्द कोणता हे ठरवावयाचे.

'वरांगचरिता'ची कथा तर कोल्हापुरातलीच आहे. हे एकतीस सर्गांचे जुने संस्कृत काव्य. त्याचे नाव इतर ग्रंथांत आढळे, पण ते रविषेणाचार्यांचे असावे असा समज होता. डॉ. उपाध्ये यांना त्याची ताडपत्री पोथी मिळाली ती दूर कोठे नव्हे, कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन मठात. ती त्यांनी तपासली आणि हे काव्य जटासिंहनंदी यांचे आहे, रविषेणांचे नव्हे, हे सिद्ध केले. कोप्पळच्या डोंगरावर या जटासिंहनंदींच्या पादुका आणि त्यांच्या नावाचा जुना कानडी लेख आहे. कित्येक शतके आपल्या मालकाचे नाव हरवून बसलेले ते काव्य, एका अध्यापकाने मठात जाऊन पाने उलगडली म्हणून, पुन्हा आपल्या घरी आले.

या माणसाचा मान पुढे किती वाढला तेही नोंदवून ठेवतो. १९६६ साली अलीगढ येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९६७ साली श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. निवृत्तीनंतर म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत या विषयाचे ते प्राध्यापक झाले. ऑक्टोबर १९७५ मध्ये कोल्हापूर येथे त्यांचे देहावसान झाले. जन्म कानडी मुलखातला, नोकरी मराठी शहरात, लेखन बहुतेक इंग्रजीत आणि विषय प्राकृत. भाषेवरून भांडण कसे करावे हे आम्हां सीमेवरच्या लोकांना कोणी शिकवावयास नको. भाषा पुष्कळ येत असल्या म्हणजे भांडावयास सवड उरत नाही, हे मात्र या एका माणसाकडून शिकावे.

खर्च कोणी केला

जमा झाली. आता नावे कोणाच्या पडले? प्राध्यापकाचा पगार कॉलेजाने दिला, हे खरे. पण ग्रंथ छापण्याचा पैसा कोठून आला? ज्या ज्या मालेत डॉ. उपाध्ये यांचे ग्रंथ निघाले त्या मालांची नावे आम्ही एका कागदावर उतरून काढली, आणि ती वाचताना आमचा आम्हांसच अभिमानही वाटला आणि लाजही.

'वरांगचरित' निघाले माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेत. ही माला मुंबईचे जव्हेरी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या स्मरणार्थ निघालेली. 'बृहत्कथाकोश', 'लीलावई' व 'कुवलयमाला' निघाले सिंघी जैन ग्रंथमालेत. ती कलकत्त्याचे बहादुरसिंहजी सिंघी यांनी आपले वडील डालचंदजी यांच्या नावाने मुनी जिनविजयजींच्या हाती सोपविलेली. १९४४ साली स्थापन झालेल्या भारतीय ज्ञानपीठामागे साहू शांतिप्रसाद जैन आणि त्यांच्या पत्नी रमाराणी. तेथील मूर्तिदेवी ग्रंथमालेचे प्रधान संपादकत्व डॉ. हिरालाल आणि डॉ. उपाध्ये यांच्याकडे होते. आणि 'तिलोयपण्णत्ती' निघाली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत.

या सोलापूरच्या मालेविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण जीवराज गौतमचंद दोशी हे आपल्यासारख्याच व्यापारी घराण्यातले. उतारवयात ब्रह्मचारी होऊन आपल्या न्यायार्जित द्रव्याचा विनियोग कसा करावा याचा विचार त्यांनी केला. नुसता मनाशी नव्हे, विद्वानांना विचारून केला. १९४१ साली नाशिकजवळ गजपंथ क्षेत्री त्यांनी विद्वानांना एकत्र बोलावले, त्यांचे म्हणणे ऐकले आणि जैन संस्कृति संरक्षक संघ काढण्याचे ठरविले. त्यासाठी प्रथम तीस हजार रुपये दिले. पुढे १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता त्याच कार्यास अर्पण केली. त्या काळच्या दोन लाखांची किंमत आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. माल घेण्यापूर्वी जाणकाराला दाखवावा, हा व्यापाराचा नियम या सद्गृहस्थाने दानातही पाळला, हे आम्हांस विशेष वाटते.

सांगावयाचे ते एवढेच की, प्राध्यापकाची विद्वत्ता आणि व्यापाऱ्याचे द्रव्य या दोन्ही पारड्यांत सारखे वजन पडले तेव्हा हे ग्रंथ उभे राहिले. 'याला बाजारात उठाव आहे का?' हा प्रश्न त्या शेठजींना सुचला नसेल, असे आम्ही मानीत नाही. भाव-ताव ठाऊक असलेली ती माणसे होती. परंतु उठाव नाही म्हणूनच येथे आपण उभे राहिले पाहिजे, असे त्यांना वाटले असावे. ज्याला उठाव आहे त्याच्यासाठी दुकाने पुष्कळ आहेत.

आपल्याच सभेचे इतिवृत्त

येथे एखादा सभासद म्हणेल, हे सर्व धर्मग्रंथांचे झाले. व्यापाऱ्याला त्याचा उपयोग काय? त्यांच्यासाठी 'कुवलयमाले'तील दोन प्रसंग सांगतो.

उद्द्योतनसूरींनी हा प्राकृत ग्रंथ जालोर येथे शके ७०० संपावयास एकच दिवस उरला असता, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये पुरा केला. डॉ. उपाध्ये यांनी तो दोन पोथ्यांवरून संपादिला. एक जेसलमेरची ताडपत्री, दुसरी पुण्याची कागदी. या कथेत सोपारा बंदराचे वर्णन येते. आज मुंबईची लोकल गाडी जेथे थांबते ते नालासोपारा ते हेच. परदेशाहून व्यापारी आला म्हणजे त्याला स्थानिक व्यापाऱ्यांच्या मेळ्यात बोलवावयाचे, गंध-माळा-तांबूल देऊन त्याचा सत्कार करावयाचा, आणि कोठून आलात, कोठे जाणार, काय माल आणला, काय नफा झाला हे त्याने सर्वांना सांगावयाचे, अशी तेथली रीत होती. मग एकेक व्यापारी उठून सांगतो. कोणी कोसलात घोडे नेऊन हत्तीची पिल्ले आणली. कोणी उत्तरापथात सुपारी नेऊन घोडे आणले. कोणी पूर्वदेशी मोती देऊन चवऱ्या घेतल्या. कोणी द्वारकेहून शंख आणले. कोणी चीन-महाचीनपर्यंत जाऊन रेशमी वस्त्रे घेऊन आला. हे वाचताना आम्ही थबकलो. आपल्या वार्षिक सभेत सत्कार, पान-सुपारी आणि बाजाराच्या गोष्टी याहून वेगळे काय होते? साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्तच ते. आणि सूरी तेथेच थांबत नाहीत. त्याच मेळ्यात रत्नद्वीपाची गोष्ट ऐकून लोभदेव नावाच्या तरुण व्यापाऱ्याची बुद्धी फिरते, आणि ज्या वृद्ध शेठजीने त्याला आसरा दिला व भागीदार म्हणून समुद्रावर सोबत केली, त्यालाच तो परतीच्या वाटेवर समुद्रात ढकलून देतो. नफा कोठे थांबावा हे शिकविणारी इतकी भेदक गोष्ट आम्ही दुसरी वाचली नाही.

दुसरा प्रसंग दक्षिणेतील विजयापुरी नगरीच्या बाजाराचा. तेथे मगध, सिंध, मारवाड, गुर्जर, लाट, माळवा, कर्णाटक, आंध्र अशा नाना देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत सौदा करीत आहेत. त्यांत मराठी व्यापारीही उभा आहे. काटक, सोशीक, अभिमानी आणि भांडखोर असे त्याचे वर्णन केले आहे; आणि त्याच्या तोंडी जे दोन शब्द घातले आहेत ते दिल्याचे आणि घेतल्याचे आहेत. मराठी बोलीचा इतका जुना मासला क्वचितच आढळतो. आमच्या मायबोलीचे हे प्राचीन शब्द लिहून ठेवले गेले ते राजाचे नव्हेत, कवीचे नव्हेत. एका व्यापाऱ्याचे आहेत. आणि 'लीलावई' तर पैठणच्या सातवाहन राजाची प्रेमकथा. आपण महाराष्ट्र देशीच्या भाषेत रचना केली, असे तिचा कवी कौतूहल स्वतःच सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्या पेठेतही पेढे वाटले गेले. त्याच दिवशी त्याच निर्णयाने प्राकृतालाही तो दर्जा मिळाला, हे मात्र पेढे खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

बुडीत खाते

आता जे लिहावयाचे ते लिहिताना हात जड होतो. पण जमाखर्चात बुडीत रक्कम लपवू नये, असे आमच्या वडिलांनी आम्हांस शिकविले.

१९७९ सालची गोष्ट. आम्ही नुकतेच विशीत आलो होतो आणि दुकानाचा कारभार थोडाफार हाती आला होता. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या जुन्या दुकानाचा माळा गळू लागला म्हणून तो उतरवावयाचा होता. वडील मालाच्या खरेदीसाठी हुबळीस गेलेले. माळ्यावर बारदानाच्या ढिगाखाली एक लाकडी पेटी निघाली. तीत जुन्या खतावण्या, हुंड्यांचे कागद, आणि लाल खारव्याच्या बासनांत बांधलेल्या लांबट पोथ्या होत्या. कडा उंदरांनी खाल्लेल्या, शाई पुसट, अक्षर जुन्या कानडीसारखे. आम्हांस वाचता येईना. जागा हवी होती. दारावर आलेल्या रद्दीवाल्याला आम्ही सर्व देऊन टाकले. पोथ्या आमच्याच काट्यावर तोलल्या. साडेचार किलो भरल्या. बासनाचे फडके मात्र चांगले म्हणून आम्ही काढून घेतले. ते पुढे काटा पुसावयास कामी आले.

वडील चौथ्या दिवशी परतले. पेटी कोठे म्हणून त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "वजन किती भरलं?" आम्ही वजन सांगितले. "पैसे?" "सहा रुपये चाळीस." त्यांनी रोजमेळ आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तुझ्या हातानं जमा कर." आम्ही लिहिले: रद्दी विक्री, सहा रुपये चाळीस पैसे. त्यांनी वही मिटली. पुढे सतरा वर्षे ते हयात होते. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी पुन्हा केला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रद्दीवाल्याचे दुकान गाठले, पण माल पुढे गेला होता.

त्या पोथ्यांत काय होते? कदाचित घरोघरी असणारे पूजापाठच असतील, ज्यांच्या शेकडो प्रती अन्यत्र आहेत. कदाचित ज्याचे नुसते नाव इतर ग्रंथांत उरले आहे असे एखादे काव्य असेल, मठात सापडलेल्या 'वरांगचरिता'सारखे. सदलग्याचा एक मनुष्य तीस मैलांवरच्या शहरात बसून आयुष्यभर जे शोधत होता, त्यातले काही आमच्या माळ्यावर होते काय, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. तो १९७५ साली गेला आणि आम्ही १९७९ साली रद्दी विकली. ती वही आमच्याकडे अजून आहे. दिवाळीत नवी वही पूजेस मांडताना ते पान आम्ही एकदा उघडून पाहतो.

म्हणून आम्ही त्या बैठकीत गप्प राहिलो, हे आता उघड करतो. 'याला बाजारात उठाव आहे का?' हा प्रश्न आमच्या सहकाऱ्यांनी विचारला खरा. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी तोच प्रश्न स्वतःला विचारून आम्ही त्याचे उत्तर काट्यावर घातलेले होते. तेव्हा बोलण्याचा अधिकार आपणास नाही, असे आम्हांस वाटले. आता वाटते की, ज्याची चूक झाली त्यानेच आधी बोलावे.

शिल्लक

आमचे म्हणणे असे नाही की, आपल्या सर्व मुलांनी प्राकृत शिकावे. दुकान चालावे, घर चालावे, मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहावी, ही काळजी खोटी कोण म्हणेल? डॉ. उपाध्ये यांनाही कॉलेजाचा पगार होता म्हणून पोथ्या ताडता आल्या. तोच नेमका मुद्दा आहे. लहान कॉलेजात एक जागा होती, त्या जागेवर एक माणूस बत्तीस वर्षे निश्चिंत बसला, आणि त्याच्या ग्रंथांना पैसा देणारे चार शेठ उभे राहिले. तिन्हींपैकी एक नसते तर सोपाऱ्याच्या त्या सभेचे इतिवृत्त आपल्या हाती अशा शुद्ध रूपात आले नसते. आज ती जागा मिळणे पूर्वीहून कठीण आहे, हे आम्ही जाणतो. त्या अर्थी देणाऱ्यांचे काम वाढले, कमी झाले नाही.

याच राजाराम कॉलेजात पुढे अध्यापन केलेले डॉ. विलास संगवे यांनी जैन समाजाची सामाजिक पाहणी करून १९५९ साली इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण कोण, किती, कोठे पसरलो, आपल्या चालीरीती काय, हे आपल्याला आपल्यापैकीच एका अध्यापकाने सांगितले. समाजाला स्वतःचा चेहरा पाहण्यासाठी आरसा लागतो, आणि तो घडविणारा कारागीर कोणीतरी शिकवून तयार करावा लागतो.

तेव्हा सभासदांना आमची तीन विनंत्यांची यादी. पहिली, आपापल्या घरचा माळा, दुकानाची पोटमाळी, बस्तीतील जुनी कपाटे या दिवाळीपूर्वी उघडून पाहावीत. काही पोथी-पान निघाल्यास ते विकू नये, गंगेत सोडू नये, उन्हात वाळवू नये. कोरड्या फडक्यात गुंडाळून जाणकारास दाखवावे. दुसरी, आपल्या निधीतून दरसाल दहा विद्यार्थ्यांना साहाय्य मिळत असेल तर त्यांतील एक तरी असा असावा की, ज्याच्या विषयाला पेठेत भाव नाही. ही दहावी पायली पेरणीची समजावी. पेरणीचे धान्य खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो, हे धान्याच्या व्यापाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरी विनंती त्या सतराव्या अर्जाची. कार्तिकात समितीची बैठक पुन्हा भरणार आहे. मुलीला दोन वर्षांचा खर्च मंजूर व्हावा असा ठराव आम्ही मांडू. निधीतून तो बसत नसेल तर निम्मा भार आमच्या दुकानावर घ्यावा, असेही आम्ही लिहून देत आहो. आमच्या खात्यावर ती रक्कम दान म्हणून लिहू नये. १९७९ सालच्या एका जमेवर ती फेड आहे.

त्या बैठकीस आपण सर्वांनी यावे. या वेळी आम्ही चष्मा पुसत बसणार नाही.